ताईच्या प्लेअरवर न वाजणाऱ्या सीडी

२ फेब्रुवारी

माळ्यावरून लेकीचा जुना कॉम्प्युटर खाली काढला. शिडी हिने धरली होती आणि तोंडाने "पडाल, पडाल" असा जप चालू होता. लेक कॉलेजात असताना घेतलेला हा खोका. झाकण उघडून धूळ रंगाच्या ब्रशने झाडली, पंख्यात तेलाचा एक थेंब सोडला आणि बटण दाबलं. बराच वेळ कुरकुरला, मग पडदा उजळला. सगळ्यांनी भंगारात काढलेली वस्तू सुरू झाली की मला जो आनंद होतो, तो लेकीच्या निकालाच्या दिवशीही झाला नव्हता. हे वाक्य लेकीला दाखवायचं नाही.

हा उद्योग कशासाठी, ते लिहून ठेवतो. ताईची नजर वर्षभरात फार उतरली. समोरचं दिसत नाही, कडेकडेचं तेवढं दिसतं. मेहुणे गेल्यापासून ती दोन गल्ल्या पलीकडे एकटी राहते. मागच्या महिन्यात गॅसवर दूध ठेवून विसरली आणि स्वयंपाकघर धुराने भरलं. तेव्हा भाच्याने ठरवलं की आईला आपल्याकडे न्यायचं. त्याचं शहर लांब आहे, गाडीत एक रात्र काढावी लागते. महिनाअखेरीला तो न्यायला येणार. योग्यच आहे. पण तो आणि सून दिवसभर कामावर, आणि ताई बंद घरात. जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासलेली बाई, वाचल्याशिवाय दिवस कसा काढणार? मोबाइलची काच तिला जमत नाही, बोट कुठे टेकवायचं तेच कळत नाही. पण तिचा सीडी प्लेअर तिला हाताने पाठ आहे. म्हणून मी पुस्तक मोठ्याने वाचून सीडीवर भरून देणार आणि ती बरोबर घेऊन जाणार.

पुस्तक तिनेच निवडलं. एका दीपगृहाच्या रखवालदाराचा खून होतो, त्याची जाडजूड कादंबरी. नोकरीच्या सुरुवातीला तिनेच तपासली होती. मी म्हटलं, "मग तुला गोष्ट माहीत असेल." म्हणाली, "मी अक्षरं वाचली रे खुडबुड्या, गोष्ट नाही. गोष्टीत शिरलं की चुका दिसत नाहीत, साहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. खून कुणी केला ते मला अजून माहीत नाही." अशी शेकडो पुस्तकं तिच्या हाताखालून गेली, आणि एकाचाही शेवट तिला ठाऊक नाही.

खुडबुड्या म्हणजे मी. लहानपणी घरचं घड्याळ उघडलं तेव्हा हे नाव तिने ठेवलं. घड्याळ पुढे कधी चाललं नाही, नाव मात्र अजून चालतंय.

३ फेब्रुवारी

पहिलं प्रकरण वाचून भरलं आणि ऐकलं. माझ्या आवाजामागे कॉम्प्युटरचा पंखा असा घोंघावत होता की रखवालदार दीपगृहात नसून गिरणीत राहतो असं वाटावं. माइकची वायर लांब करून कपड्यांच्या कपाटात नेली, दार ओढून घेतलं आणि आत स्टुलावर बसून बॅटरीच्या उजेडात वाचलं. आवाज एकदम स्वच्छ. कोट आणि साड्या आवाज पिऊन टाकतात, हे आज कळलं. हिने दार उघडून विचारलं, "चहा आत देऊ की बाहेर येताय?"

५ फेब्रुवारी

खणात लेकीच्या कोऱ्या डीव्हीडी सापडल्या. एका डीव्हीडीत सीडीपेक्षा कितीतरी जास्त मावतं, म्हणून पहिली सहा प्रकरणं एकीवरच भरली आणि मोठ्या ऐटीत ताईकडे गेलो. प्लेअरने ती आत घेतली, गरगर फिरवली आणि गप्प बसला. दोन्ही दिसायला सारख्या, पण डीव्हीडीवरच्या खुणा फार बारीक असतात, आणि त्या वाचायला वेगळा किरण लागतो. ताईच्या प्लेअरकडे तो नाही. ताई म्हणाली, "म्हणजे टाइप बारीक झाला म्हण की." तिला एका वाक्यात कळतं आणि मी त्यासाठी दुपार घालवली.

८ फेब्रुवारी

बाजारातून साध्या कोऱ्या सीडी आणल्या. लिहून झालेली सीडी उजेडात तिरकी धरली की आतल्या बाजूला गडद कडं दिसतं. तेवढा भाग भरला, बाहेरचा चकचकीत भाग रिकामा. नजरेने दिसणारा आवाज. मी किती वेळ ती उन्हात फिरवत बसलो होतो कोण जाणे.

प्रत्येक सीडीच्या शेवटी कॉम्प्युटर विचारतो, ही डिस्क बंद करायची का, नंतर हिच्यात काही भरता येणार नाही. मी 'नाही' म्हणतो. विजेची मीटर तपासण्यात माझी नोकरी गेली. आमच्या खात्याचा पहिला धडा हाच, की सील शेवटी. मीटर सगळ्या कसोट्यांतून पार पडल्याशिवाय सीलच्या शिशाला हात लावायचा नाही. एकदा सील मारलं की उघडायला वरपर्यंत जावं लागतं. ताईने एखादी चूक काढली तर नवा ट्रॅक कुठे भरणार? जागा असू द्यावी.

तर ही सीडी माझ्या कॉम्प्युटरवर खणखणीत वाजली. ताईकडे नेली, तर मुकी. परत आणली, इकडे वाजली. आहे की नाही गंमत? ताईला दोन गल्ल्या चालवत इकडे घेऊन आलो आणि इथेच ऐकवलं.

१० फेब्रुवारी

कारण सापडेपर्यंत ताई रोज दुपारी ऐकायला येते. मी आणायला जातो, ती माझं कोपर धरते आणि वाटेत कडेच्या नजरेने जे दिसेल ते मला सांगते. "ते निळं काय?" "सायकल." "मागच्या आठवड्यात हिरवी होती." आमची गल्ली मला एवढी कधीच माहीत नव्हती.

ऐकताना ती डोळे मिटून बसते. आज तिसऱ्या प्रकरणात मला तीनदा थांबवलं. "इथे स्वल्पविराम खाल्लास." "हा बोटीचा कप्तान मघाशी खेकसत होता, आता गोड का बोलतोय?" "हे सगळंच पुन्हा वाच, घाईत वाचल्यासारखं झालंय." बाई फार कडक. पुन्हा कपाटात जाऊन बसलो, ती दाराबाहेर खुर्ची टाकून ऐकत बसली. हा वेग राहिला तर महिनाअखेरीपर्यंत पुस्तक पुरं होणं कठीण. तिला तसं सांगितलं तर म्हणाली, "चुकीचं छापून जाण्यापेक्षा उशीर बरा."

तिच्या घरी सामानाची बांधाबांध अजून सुरू नाही. कपाटं भरलेलीच आहेत. ताई विसरभोळी झाली आहे हे खरं.

१२ फेब्रुवारी

पद्धतशीर शोध सुरू केला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, ही आमच्या प्रयोगशाळेची शिस्त. लिहिण्याचा वेग कमीत कमी केला. सावकाश लिहिलेली अक्षरं जशी सुबक, तशा खुणाही सुबक पडतील, असा तर्क. ताईकडे वाजली नाही.

ही कणा ताठ करून माझ्या मागे उभी राहिली आणि पडद्याकडे बघत म्हणाली, "सगळं बदलून बघता, तुमचं उत्तर तेवढं बदलत नाही." तिला यातलं काय कळतं?

हिने मागच्या खोलीतलं शिवणयंत्र बाहेरच्या खिडकीपाशी आणलंय. आत उजेड कमी पडतो म्हणे. इतकी वर्षं पुरत होता.

१३ फेब्रुवारी

दुसऱ्या कंपनीच्या सीडी. नाही.

१४ फेब्रुवारी

ताईच्या प्लेअरचं भिंग पुसलं. तिच्या जुन्या गाण्यांच्या सीडी आधीपेक्षाही छान वाजतात. माझ्या नाहीत. मी प्लेअर उघडून बघू का असं विचारलं, तर ती म्हणाली, "घड्याळ विसरले नाही मी."

१५ फेब्रुवारी

भाच्याचा फोन. "मामा, आई काही स्पष्ट बोलत नाही हो. तुम्ही तिला जरा समजवा ना, इकडे तिला काही कमी पडणार नाही. तुमचं ती ऐकते." मी म्हटलं, "हो हो, समजावतो." मुलगा गुणी आहे. दुपारी ताई आली तेव्हा पाचव्या प्रकरणाची गडबड होती, त्यात सांगायचं राहून गेलं.

१६ फेब्रुवारी

आजही राहून गेलं.

सातवं प्रकरण रंगलंय. रखवालदाराच्या खिशात बोटीच्या कप्तानाची किल्ली सापडते. ताई म्हणते खून कप्तानाने केला नाही, त्याच्याकडे वाचकाने बघावं म्हणून लेखक त्याला सारखा पुढे करतोय. हिला वाटतं स्वयंपाकीण. हीसुद्धा आता हातातलं काम टाकून ऐकायला बसते. ताईला मी सीडी तिरकी धरून ते गडद कडं दाखवलं. तिने मान वळवून, डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघितलं आणि म्हणाली, "रंग दिसले रे." बराच वेळ ती चकती डावी-उजवी हलवत होती. मला फार बरं वाटलं.

१७ फेब्रुवारी

आठवं प्रकरण लिहून होत होतं, तेवढ्यात ताईने विचारलं, "तुला काय वाटतं रे, जाऊ का मी?"

मी म्हटलं, "ते तू ठरवायचं. तुझा मुलगा, तुझं घर. मी कोण मध्ये बोलणार?" शिवाय त्या वेळी सीडी लिहिली जात होती, आणि तेव्हा टेबलाला धक्का लागलेला चालत नाही, म्हणून मी तिकडेच बघत होतो. ती "बरं" म्हणाली. पुढचं प्रकरण ऐकलं नाही, डोकं दुखतंय म्हणाली. तिला घरी पोचवून आलो. वाटेत तिला काही दिसलं नाही, किंवा तिने सांगितलं नाही.

जेवताना ही माझ्याशी एक शब्द बोलली नाही. हिचंही डोकं दुखत असावं.

१८ फेब्रुवारी

ताई आली नाही. फोनवर म्हणाली, कपाटं आवरायला घेतली आहेत. चला, आवरायला लागली हे बरं झालं. मी दोन प्रकरणं वाचून भरली. मध्ये कुणी थांबवलं नाही, भराभर झाली. ऐकून बघितली, तर एखाद्या सरकारी सूचनेसारखी वाटली.

हिने न्हाणीघरात भिंतीला धरायचा दांडा बसवून घेतला. म्हटलं, कशाला? म्हणाली, "कुणालाही लागतो." मागच्या खोलीत पलंगही सरकवलेला दिसला. हिला मधून मधून घर हलवायची हौस येते.

२० फेब्रुवारी

कारण सापडलं!

चौकात एक दुकानदार आहे. पूर्वी लग्नांच्या सीडी-डीव्हीडी करून द्यायचा, आता मोबाइलची कव्हरं विकतो. त्याच्याकडे माझी सीडी नेली. मागच्या टेबलावर त्याचाही जुना कॉम्प्युटर होता, धुळीत पण जिवंत. सीडी घालून त्याने एकदाच बघितलं आणि हसला. "काका, ही बंदच केलेली नाही. शेवटी बंद करायची असते. तोवर कॉम्प्युटर वाचतो, साध्या प्लेअरला मात्र ती अर्धवट वाटते. सुरुवातीलाच अनुक्रमणिका लागते त्याला, ती बंद करतानाच लिहिली जाते. लग्नांच्या सीडी आधी माझ्याही अशाच परत यायच्या."

म्हणजे वेग, कंपनी, भिंग सगळं निर्दोष. मी सील मारत नव्हतो, एवढंच. ज्या शिस्तीवर इतकी वर्षं नोकरी केली, तीच आड आली. घरी येऊन हिला सगळं समजावून सांगितलं, अनुक्रमणिकेचं चित्र काढून दाखवलं. ती म्हणाली, "मग आता ताई जायला मोकळ्या."

एवढं कोडं सुटल्यावर जसा आनंद व्हायला हवा तसा झाला नाही. भर उन्हात चालत गेलो होतो, त्याने असेल.

२१ फेब्रुवारी

सीडी बंद करायला आज वेळ झाला नाही. स्वयंपाकघरातल्या नळाचा वॉशर बदलला. नळ गळत नव्हता, पण गळला असता.

२२ फेब्रुवारी

आजही नळच चालला असता, पण हिने पाना हातातून काढून घेतला. म्हणाली, "सीडीचं कारण सापडलं ना? मग अडलंय कशाला?"

मी म्हटलं, घाई नको, सील शेवटी.

"अहो, तुम्ही ताईंना कधी 'राहा' म्हणालात?"

"मी कसं म्हणू? तिचा मुलगा आहे."

"भाऊही आहे."

मग मला दंडाला धरून मागच्या खोलीत नेलं. पलंग भिंतीला लावलेला, त्याच्या उशाशी हाताला येईल असं छोटं टेबल, त्यावर विजेचा पॉइंट. शिवणयंत्र गेल्याने चालायची वाट मोकळी. मीटरचा काटा केसभर सरकला तरी मला दिसायचा, आणि घरातला पलंग सरकला ते मी हौस म्हणून सोडून दिलं.

"मग तू का नाही बोललीस?" मी विचारलं.

"मी बोलावलं तर त्यांना वाटणार, भावजय दया दाखवतेय. भावाने बोलवायचं असतं. मी वाट बघत होते तुमची, तर तुम्ही कपाटात जाऊन बसलेले."

खरं सांगायचं तर मला भीती वाटते. मी म्हणायचं आणि ती नाही म्हणाली तर? न विचारता ती गेली, तर निदान ती मुलाकडे गेली असं म्हणता येईल. विचारून गेली, तर ती मला सोडून गेली असं होईल. या वयात हे लिहायला लाज वाटते, पण ताई जाऊ नये असं मला वाटतं. पहिल्या दिवसापासून वाटतं.

२३ फेब्रुवारी

सकाळी बसून सगळ्या सीडी बंद केल्या. आधी हे, मग विचारणं. नाहीतर तिला वाटेल, सीडी होत नाहीत म्हणून अडवतोय. शेवटचं प्रकरण वाचायचं राहिलं होतं, ते तसंच राहू दिलं. घसा बसल्यासारखा झाला होता.

ताईकडे गेलो. दारातच दोन बॅगा भरून ठेवलेल्या. सीडी तिच्या हातात दिली. तिने बोटांनी चाचपून प्लेअरमध्ये घातली, बटण दाबलं, आणि माझा आवाज तिच्या खोलीत बोलायला लागला. पहिलं प्रकरण अर्धंअधिक झालं तरी तिने एकही चूक काढली नाही.

मग तिने प्लेअर बंद केला. "छान झालंय," म्हणाली. "तुझं काम झालं. आता जायला हरकत नाही."

मी म्हटलं, "ताई, जाऊ नकोस."

ती प्लेअरमधून सीडी काढायला लागली. मी म्हटलं, "आमच्याकडे येऊन राहा. हिने खोली लावलीय. खोली जाऊ दे, मला तू इथे हवी आहेस."

ताईने मान वळवली आणि मला कोपऱ्यातल्या नजरेने शोधलं. "मला वाटलं, तुला घाई झालीय," ती म्हणाली. "रोज नवा प्रयोग, रोज नवी सीडी. वाटायचं, हिची शिदोरी एकदाची बांधून झाली की सुटलो, असं तुझं चाललंय. त्या दिवशी विचारलं, तर तू मशिनाकडेच बघत होतास."

मी म्हटलं, "मग एवढ्या चुका काढत बसलीस ती कशाला?"

"सगळ्या चुका नव्हत्या रे," ताई म्हणाली. "निम्मे स्वल्पविराम तू नीट घेतले होतेस."

आम्ही दोघंही रडलो. ते लिहायचं नव्हतं, पण झालं ते झालं. मग एक बॅग तिने उचलली, एक मी.

२६ फेब्रुवारी

भाचा आला. मला वाटलं होतं, त्याला सुटल्यासारखं होईल. तसं झालं नाही. मागच्या खोलीत आईला पलंगावर बसलेली बघून तो दारातच उभा राहिला. "मामा, तुम्ही तिला समजावणार होतात," म्हणाला. मी म्हटलं, "समजवायला गेलो आणि उलटं झालं. मी तुला फोन करून सांगायला हवं होतं, चुकलो." तेव्हा त्याने सांगितलं, की त्यानेही आईसाठी खोली रिकामी केली होती. सुनेने पडदे शिवले होते. माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. मी आपला अख्खा महिना माझ्याच बाजूने मोजमाप घेत होतो.

ताईने त्याला जवळ बसवलं. "तू बोलावलंस तेव्हा मी नाही म्हणाले नाही, कारण बोलावणारा तू एकटाच होतास. तू दिवसभर कामावर, मी तुझ्या भिंतींशी काय बोलू? इथे दिवसभर कुणीतरी चुका करत असतं." तो हसला नाही, पण बसून राहिला. हिने चहा दिला, तो घेतला. जाताना रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून असेल, टेबलावरच्या सीडी उचलून म्हणाला, "या मी नेऊ? माझ्या गाडीत प्लेअर आहे." ताईने त्या त्याच्या हातात दिल्या आणि त्याचा हात बराच वेळ सोडला नाही.

८ मार्च

आज भाच्याचा फोन आला. गेल्यापासून हा पहिलाच. मला जरा धाकधूक होती. म्हणाला, "मामा, ऑफिसला जाता-येता ऐकतो. परवा ट्रॅफिक सुटलं तरी गाडी बाजूला लावून ऐकत बसलो होतो. तुमच्या आवाजामागे मधेच आईचा आवाज येतो, 'पुन्हा वाच' म्हणून, ते काढायचं राहिलं वाटतं. तेवढा ट्रॅक मी दोनदा ऐकला." मग म्हणाला, "पण शेवटचं प्रकरण सापडत नाहीये. सीडीत काही गडबड आहे का? खून कुणी केला?"

मी म्हटलं, सीडीत काही गडबड नाही, ते भरायचंच राहिलं. दुसरी करून पाठवतो.

ताईने फोन माझ्या हातातून काढून घेतला. "पाठवणार नाही," ती त्याला म्हणाली. "आम्हीही वाचलेलं नाही अजून. तुम्ही दोघं या, मग वाचू."

शनिवारी येताहेत.